ओरेस्तेचं टेबल

"साहेब, ही बघा, अजून एक आली." मिलेनाने पर्स टेबलावर ठेवली आणि हँडलं धरून उचलली. ती मुळात होती त्याहून चार बोटं तरी जास्त लोंबत होती आणि मधोमध सुतळीसारखी बारीक झाली होती. "अठ्ठ्याऐंशी सालची. मिलानच्या एका बाईंची आहे. म्हणतात, आईची आठवण आहे, काहीही करा पण नीट करा."

दुच्चो रिदोल्फिनीने चष्मा नाकावर घेतला. पर्स हातात घ्यायची त्याला गरज नव्हती.

"पोटाचं कातडं," मिलेनाच म्हणाली. "हँडलाचा पट्टा पाठीच्या कण्यालगत उभा कापायचा, एवढं तर आमच्या मांजरालाही कळतं. पोटाचा कापला की ताणला जायचाच. आमच्या बाबांची करामत, दुसरं काय!"

हे ती हसून म्हणाली. दुरुस्तीच्या खोलीत तिला एकोणीस वर्षं झाली होती, आणि अशी पर्स आली की ती दर वेळी हसूनच हे म्हणत असे.

शेजारच्या कटाईच्या दालनातून कोणीतरी ओरडलं, "ए सामुएले, ओरेस्ते केलास की काय?" त्यावर चारपाच जण खिदळले. ओरेस्ते हे मिलेनाच्या वडिलांचं नाव. स्कांदिच्ची गावातल्या या कारखान्यात कातडं वाया गेलं की ते 'ओरेस्ते झालं' असं म्हणायची पद्धत पडून गेली होती. म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

मिलेना दोरा ओवत राहिली.

"बाबा कसे आहेत?" दुच्चोने विचारलं.

"सत्याऐंशीचे आहेत, तसे आहेत. डोळे गेलेत जवळजवळ. पाव आणायला अजून स्वतः जातात, पण या रस्त्याने नाही. मागच्या कालव्याकडून जातात, दहा मिनिटं जास्त चालून."

दुच्चो दर गुरुवारी असा येत असे. जुनी पांदा गाडी कामगारांच्या गाड्यांत लावायची, खानावळीत ताट घेऊन रांगेत उभं राहायचं, दुरुस्तीच्या खोलीत तासभर बसायचं. रिदोल्फिनींच्या पर्सेस चाळीस देशांत विकल्या जात आणि कंपनीचा निम्म्याहून जास्त हिस्सा त्याच्या एकट्याच्या नावावर होता. तरीही त्याचा एक धड फोटो कुठल्या वर्तमानपत्राकडे नव्हता. तो मुलाखत देत नसे, समारंभाला जात नसे. लिहिणारे त्याला संकोची म्हणत, काही खानदानी म्हणत. दुच्चोने कधीच खुलासा केला नाही.

त्या दिवशी तो खानावळीत गेला नाही. तो मिलेनाच्या वडिलांच्या घरी गेला, तिसऱ्या मजल्यावर, जिना चढून.

दार उघडंच होतं. ओरेस्ते स्वयंपाकघरात बसून शिळ्या पावाचे तुकडे घेवड्याच्या रश्श्यात बुडवत होता.

"कोण?"

"दुच्चो."

"कुठला दुच्चो?" मग जरा थांबून, "हां. बस. रस्सा घे. मीठ कमी आहे, मिलेना घालू देत नाही."

दुच्चो बसला. गाडीत त्याने सगळं मनात जुळवून आणलं होतं. पण सुरुवात त्याने भलतीकडूनच केली.

"ओरेस्ते, गावाबाहेर एक घर आहे. तळमजल्याचं, बागेचं. जिन्याचा त्रास..."

"मला जिन्याचा त्रास नाही. तुला आहे, धापा टाकतोयस." ओरेस्तेने चमचा खाली ठेवला. "घर द्यायला आलास? तुझ्याकडे घरं पुष्कळ आहेत, पोरा. एक दिलंस तर तुझं काय जातं?"

खालच्या मजल्यावर रेडिओवर फुटबॉलची चर्चा चालली होती.

"ते पट्टे मी कापले होते," दुच्चो म्हणाला.

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात तो पंचवीस वर्षांचा होता आणि ओरेस्तेच्या टेबलावर काम शिकत होता. एका शनिवारी सगळे घरी गेले असताना, आपण किती तयार झालो ते दाखवावं म्हणून त्याने एकट्याने चारशे पर्सेसचे पट्टे कापले. पाठीचं कातडं संपल्यावर पोटाकडे वळला, कारण दिसायला ते तितकंच सुंदर होतं. डिसेंबरपर्यंत दुकानांतून पर्सेस परत येऊ लागल्या. वडील, थोरले रिदोल्फिनी, कटाईच्या दालनात आले आणि सगळ्यांसमोर विचारलं, हे कोणी कापलं? ओरेस्ते म्हणाला, "टेबल माझं आहे." कारखान्याचा नियमच तसा होता, टेबलावर जे कापलं जाईल त्याला टेबलाचा प्रमुख जबाबदार. दुच्चो तीन पावलांवर उभा होता. त्याने तोंड उघडलं नाही. ओरेस्तेची बदली कातड्यांच्या गोदामात झाली आणि निवृत्त होईपर्यंतची अकरा वर्षं त्याने तिथे गठ्ठे मोजले.

"माहीत आहे," ओरेस्ते म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तूच कापलेस ते. पट्ट्याच्या कडेला सुरीचा उतार असतो. त्या पट्ट्यांचा उलटा होता. कारखान्यात डावखुरा तू एकटा." त्याने पावाचा तुकडा तोडला. "तुझ्या बापालाही माहीत होतं. प्रश्न विचारला तेव्हा तो सगळ्यांकडे बघत होता, एक तुला सोडून."

दुच्चोला हे नवीन होतं. वडील जाऊन चौदा वर्षं झाली होती. आपण त्यांना फसवलं, असंच तो आजवर समजत होता.

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"काय बोलू? मालकाच्या पोराने कापले म्हणून? टेबल माझं होतं, सुरी मी उघडी ठेवली होती. मला वाटलं, आठवड्याभरात येशील. फार तर नाताळपर्यंत." ओरेस्ते हसला, दात तीनच होते. "तू जरा लांबच्या रस्त्याने आलास."

"मी काय करू, सांगा."

"मला कशाला सांगतोयस? मला माहीत आहे. त्यांना सांग. माझी पोर रोज ऐकते तिथे बसून."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, कॉफीच्या सुट्टीत, दुच्चो कटाईच्या दालनात उभा राहिला. ओरेस्ते त्याच्याबरोबर आला होता, पुढच्या रस्त्याने, इस्त्रीचा शर्ट घालून. कंपनीच्या वकिलाने सकाळी फोनवर दोनदा सांगितलं होतं की काही बोलायचंच असेल तर लेखी द्या, आम्ही तपासून देतो. दुच्चोने तो कागद मागवलाच नाही. साठ-सत्तर माणसं कागदी पेले हातात धरून बघत होती. मिलेना दुरुस्तीच्या खोलीच्या दारात उभी होती.

"अठ्ठ्याऐंशीचे पट्टे ओरेस्तेने कापले नाहीत," तो म्हणाला. "मी कापले. पोटाच्या कातड्यातून. आणि विचारलं तेव्हा मी गप्प राहिलो. छत्तीस वर्षं."

मग मागून सामुएलेचा आवाज आला, "म्हणजे आता साहेब... 'दुच्चो केलास' म्हणायचं का?"

त्याच्या शेजारणीने त्याला कोपर मारलं. दुच्चो म्हणाला, "म्हणायचं." आणि मग हसू फुटलं, आधी कोपऱ्यात, मग सगळीकडे. मिलेना हसली नाही. ती दारातून निघून सरळ वडिलांजवळ आली आणि त्यांच्या शर्टाची कॉलर नीट करू लागली. ती आधीच नीट होती.

"काढ हात," ओरेस्ते म्हणाला. "आणि कातडं आणा एखादं. एवढं लांब मी भाषण ऐकायला आलो का?"

वासराचं एक तपकिरी कातडं टेबलावर पसरलं गेलं. ओरेस्तेने डोळे मिटले, ते तसेही फारसे उपयोगाचे नव्हते, आणि उजवा तळवा मानेपासून शेपटीपर्यंत हळू फिरवला. पोटाकडे येताच हात थांबला, मागे फिरला, कण्यावर स्थिरावला.

"टोक धर," तो म्हणाला.

सामुएले पुढे झाला.

"तू नाही. हा."

दुच्चोने कोट काढला आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन टोक धरलं.

"ओढ. ओढ म्हणतो! अरे इतकं नको, वासरू मेलेलं आहे, पळून चाललं नाही."

सुरी कण्यालगत एका दमात खाली उतरली. पट्टा सुटून आला. ओरेस्तेने तो बोटांत एकदाच फिरवला, बाजूला ठेवला आणि पुढच्यासाठी सुरी पुन्हा टेकवली.