गठडीच्या गाद्या

माझ्या लेकाला कुणीतरी सांगा, की राहतं घर म्हणजे कारखान्याचं गोदाम नव्हे. खालच्या मजल्यावर त्याचं सोफे-खुर्च्या भरायचं काम चालतं. तिथे फोम पडो, रेक्झिन पडो, तुटक्या स्प्रिंगा पडोत, माझी ना नाही. पण वर जिथे माणसं राहतात तिथे आता पाय ठेवायला जागा उरलेली नाही. बैठकीत एक गादी, स्वयंपाकघराच्या दारात एक, माझ्या खाटेला टेकून एक, मोरीकडे वळताना एक. परवा त्या वळणावरच्या गादीला अडखळून माझ्या हातातला पाण्याचा जग उडाला. हाड मोडलं असतं तर माझ्यासाठीही एखादी शिवून आणली असती म्हणा.

आणि हे सगळं एका कुत्रीसाठी. जी ह्यातल्या एकाही गादीवर आपणहून झोपत नाही.

तिचं नाव गठडी. पिल्लू असताना मागच्या दारानं कारखान्यात शिरली आणि कापडाच्या कातरणांच्या गठडीत झोपून गेली. लेक ती गठडी उचलून कचऱ्यात टाकणार, तेवढ्यात गठडीनं जांभई दिली. मी म्हटलं, ही घाण वर आणायची नाही. आणली. मी म्हटलं, बैठकीच्या पलीकडे येऊ द्यायची नाही. ती थेट माझ्या खाटेखाली. मग मी म्हणणं सोडून दिलं. माझं ऐकायचं नाही हे ह्या घरात माणसांना जमलं नव्हतं, ते तिला पहिल्या दिवसापासून जमलं.

दिवसभर ती खाली त्याच्या पायाशी. हा हातोडी मारणार, स्टेपलरनं कापड ठोकणार, ती डुलक्या काढणार. यंत्र बंद पडलं की दचकून जागी व्हायची. गिऱ्हाईक आलं की आधी त्याचे बूट हुंगायची आणि बूट पसंत पडले तरच वाट सोडायची.

मग पुढचा उजवा पाय लंगडायला लागला. लेक म्हणाला, मुरगळला असेल. पायावर गाठ आली, तर म्हणाला, कुठेतरी आपटली असेल. शेवटी सुनेनं त्याला गाडीत बसवलं, कुत्रीला बसवलं, मीही बसले, आणि आम्ही जनावरांच्या डॉक्टरणीकडे गेलो. तिनं हाडाचा फोटो काढून उजेडावर धरला. वाळवी लागलेल्या खुर्चीचा पाय कसा दिसतो हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. तसंच होतं ते.

"कॅन्सर आहे," डॉक्टरीण म्हणाली. "छातीतही उतरलाय. त्यामुळे पाय काढूनही उपयोग नाही. दुखणं कमी व्हायच्या गोळ्या देते. पण हे हाड एक दिवस मोडणार, साधं उठता-बसतानाही मोडेल. त्या दिवसाची वाट बघू नका. तुम्ही फोन करा, मी घरी येते. इंजेक्शन देते. तिला कळणारही नाही, झोप लागल्यासारखं होईल."

लेकानं मान हलवली. गिऱ्हाइकानं कापडाचा रंग पसंत केला की हलवतो, अगदी तशी. घरी आलो, हा जिना न चढता सरळ कारखान्यात गेला आणि दिवेलागणीला पहिली गादी घेऊन वर आला.

फोन मी करू शकले असते. शाळेत मी फार गेले नाही, पण आकडे मला वाचता येतात आणि बोलायला तर मी कुणाला हार जात नाही. पण कुत्री त्याची. तो समोर नसताना तिला घालवली असती तर ती शेवटपर्यंत दाराकडे बघत राहिली असती. ते मला बघायचं नव्हतं. एकदा बघितलंय.

ह्याचे वडील गेले तेव्हाही हा खालीच होता. त्यांना आडवं पडलं की दम लागायचा, बसलं की पाठ दुखायची. हा म्हणाला, पाठ हवी तशी कलेल अशी खुर्ची करतो. केली. हातांना मऊ चामडं, मानेला उशी, राजानं बसावं अशी. आणि ती दोघांच्या मदतीनं जिन्यातून वर चढवेपर्यंत हे संपले होते. दाराकडे तोंड करून. ती खुर्ची मी लगेच विकून टाकली. लेकानं विचारलंसुद्धा नाही कुणाला विकली.

तर आता गाद्या. पहिली गठडीनं हुंगली आणि शेजारी फरशीवर जाऊन पडली. हा म्हणाला, कडक झाली. दुसरी मऊ केली. ती म्हणे गरम होते. तिसरीला जाळीचं कापड. मग मी मोजायचं सोडलं. ती आपली गार फरशीवर दुखरा पाय पसरून पडायची आणि मी तिच्याजवळ स्टूल घेऊन बसायची. गोळी भातात लपवली तर भात खायची, गोळी थुंकायची. मग मी जबडा उघडून घशात ढकलायची. चावली नाही कधी. नुसती बघायची माझ्याकडे, तूसुद्धा का, असं. माझे गुडघे, तिचा पाय. दोघी कण्हत बसायचो. सून म्हणायची, "आई, तुमच्यातलं कोण कण्हलं तेवढं सांगत जा, म्हणजे कुणाला गोळी द्यायची ते कळेल."

समोरची शेजारीण येऊन डोळे पुसून गेली. म्हणे, "आजी, किती जीव लावतो हो तुमचा मुलगा!"

"लावतो ना," मी म्हटलं. "स्टेपलरनं लावतो. खालच्या मजल्यावरून."

मग एका सकाळी तो सगळ्यांत जाड गादी घेऊन आला. दारातून आत यायला तिला वाकवावी लागली.

"हा वेगळा फोम आहे आई. एका हॉटेलच्या कामातला उरलाय. अंगाचा आकार लक्षात ठेवतो."

"फोमच्या लक्षात राहतं. तुझ्या एक फोन करायचा लक्षात राहत नाही."

"आज नको. आज तिनं खाल्लंय."

"खाल्लं नाही, मी भरवलं. चमच्यानं. अर्ध्या तासात दोन घास गेले तर त्याला खाणं म्हणत नाहीत."

"शेपटी हलवली आत्ता."

"तुला बघून ती कधीही हलवेल. त्यात तुझं कौतुक काय?"

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. गठडीच्या पोटाखाली हात घालून तिला अलगद उचललं आणि त्या गादीच्या मधोमध ठेवलं. ती आत गेली. नुसतं नाक आणि पाठ वर राहिली.

"बघ, कशी बसली!" तो म्हणाला. "कुठेच टोचत नाहीये तिला. एवढी बघू दे आई. मग करतो फोन."

"नक्की?"

"कव्हर तेवढं धुता येईल असं करून आणतो."

आणि गेला खाली. दहा मिनिटंसुद्धा तिच्याजवळ बसला नाही. मी हाक मारणार होते, पण खरं सांगायचं तर दमले होते. ह्याला ओरडून ओरडून माझाच घसा बसतो, हा काही बसत नाही.

दुपारी जिन्यात त्याची पावलं वाजली. गठडीचे कान उभे राहिले. इतकं सगळं होऊनही ती त्याच्यासाठी दारापर्यंत जायची, लंगडत का होईना. आताही तिनं पुढचे पाय टेकले आणि अंग वर उचललं. पाय फोममध्ये गेला. तिनं पुन्हा टेकला, पुन्हा गेला. दुखऱ्या पायावर सगळा भार आला आणि ती अशी ओरडली की सून हातातलं शिवण टाकून धावत आली. मी स्टुलावरून खाली उतरले, उतरले कसली, घसरलेच. तिला काखेत धरायला गेले तर हात ओला लागला. तिथेच झालं होतं तिचं.

एवढ्या वर्षांत तिनं घरात कधी केलं नव्हतं. पिल्लू असतानाही नाही. पोटात दुखत असलं तरी दारापर्यंत जाऊन थांबायची. आता तिनं नाक गादीच्या घडीत खुपसलं आणि आमच्याकडे बघेना. मी "असू दे गं, असू दे" म्हणत राहिले, तरी मान वर करेना.

लेक दारात उभा. गळ्यात मापाची पट्टी, हातात नवं कव्हर.

"आण तिला इकडे," तो सुनेला म्हणाला. "ही गादी काढून घे. खाली दुसरी आहे, जरा कमी जाडीची, मी आत्ता..."

"थांब तिथेच," मी म्हटलं.

तो वळलाच होता. थांबला.

"तुझ्या कारखान्यात खुर्ची गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी काय करतोस रे तू?"

"काय करतो म्हणजे?"

"काय करतोस ते सांग."

"बसून बघतो."

"आणि?"

सुनेनंच सांगितलं, "हात न टेकता उठून बघता."

हे ह्याच्या वडिलांनी घालून दिलेलं. बसायला कुठल्याही खुर्चीवर बरंच वाटतं, माणूस उठतो कसा ते बघायचं, असं ते म्हणायचे. म्हाताऱ्यांसाठी खुर्ची भरायची तर दोनदा बघायचे. ह्यानंही आजवर एक खुर्ची तशी बघितल्याशिवाय दाराबाहेर सोडलेली नाही. एक कुत्रीची गादी तेवढी सोडून.

तो गुडघ्यांवर बसला. त्यानं मूठ वळली आणि गठडीच्या पायाशेजारी फोममध्ये टेकवली. मूठ गेली, मनगट गेलं. त्यानं तसाच जोर देऊन अंग वर उचलायचा प्रयत्न केला आणि तोंडावर पडता पडता राहिला. मग तसाच हात आत ठेवून बसून राहिला.

"ती कडक गाद्यांवर झोपत नव्हती म्हणून मी..." तो म्हणाला.

"ती कुठल्याच गादीवर झोपत नव्हती. ते बघायला तुला दारातून आठ पावलं पुढे यावं लागलं असतं."

सुनेनं मला डोळ्यांनी खुणावलं, की आता पुरे. मीही म्हटलं, पुरे.

त्यानं खिशातून फोन काढला. दोनदा नंबर चुकला. लागला तेव्हा एकच शब्द बोलला. "या." पलीकडून डॉक्टरीण काहीतरी विचारत होती, तर फोन सुनेच्या हातात दिला.

दवाखाना आटपून येते म्हणाली. आम्ही गठडीला पुसलं. त्यानं तिला उचलून फरशीवर ठेवलं, खिडकीखाली, जिथे ती रोज पडायची. आणि उठला.

"खाली जरा..."

"काय राहिलंय खाली?" सून म्हणाली.

"शटर उघडं आहे."

"मी ओढते."

"यंत्र चालू असेल."

"मी बंद करते. आणखी काही असेल तर तेही मी करते. बसा."

ती गेली आणि जाताना दार ओढून घेतलं. पोरगी कमी बोलते, पण बोलते तेव्हा माझ्यापेक्षा बरं बोलते. तिला हे मी सांगणार नाही.

मग तो बसला. उभ्या उभ्या कोसळावं तसा बसला, फरशीवर, भिंतीला पाठ लावून. गठडी अंग घासत घासत पुढे आली आणि हनुवटी त्याच्या मांडीवर ठेवली. त्याला हातांचं काय करावं ते कळेना. गळ्यातली पट्टी काढली, गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मी ती काढून घेतली. तेव्हा कुठे त्यानं तिच्या कानावर हात ठेवला. मखमलीची लव बघावी तसा एका बाजूनं फिरवला, मग दुसऱ्या बाजूनं. तिनं डोळे मिटले. बऱ्याच दिवसांनी तिचं कण्हणं थांबलेलं मी ऐकलं.

रस्त्यावरून कुणाचीतरी सायकल गेली, शेजारच्या घरात कुणी बादली सरकवली. मला डुलकी लागली असावी. सून डॉक्टरणीला घेऊन वर आली तेव्हा मी दचकून जागी झाले.

डॉक्टरीण चपला काढून आमच्यासारखीच फरशीवर बसली. पाय तपासला आणि म्हणाली, "वेळेत बोलावलंत." खरं होतं की बरं वाटावं म्हणून म्हणाली, मी विचारलं नाही. आधी एक सुई दिली, झोपेची. गठडी जड होत गेली. लेकाचे ओठ हलत होते, काय सांगत होता ते तिलाच ठाऊक. दुसऱ्या सुईच्या आधी तिनं एकदा मान वर केली. कुणाला तरी शोधावं तशी. तो समोरच होता. तिनं बघितलं आणि मान पुन्हा खाली ठेवली. मग डॉक्टरणीनं छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि नळी गळ्यात अडकवून हळूच म्हणाली, "गेली."

सून डॉक्टरणीला खालपर्यंत सोडायला गेली. लेक तसाच बसलेला. मांडीला मुंग्या आल्या असतील, पण हलला नाही. शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं, पंचवीस वर्षांपूर्वी पुसायचा तसं.

"आई," तो म्हणाला, "मी वाईट वागलो ना तिच्याशी?"

खोटं बोलणं मला जमत नाही, आणि आता शिकायचं माझं वय नाही.

"वाईट नाहीस तू, भित्रा आहेस," मी म्हटलं. "वडिलांच्या वेळी होतास, आज दुपारपर्यंत होतास. पण शेवटी तिनं मान वर केली तेव्हा समोर होतास. तिला तेवढं पुरलं. माझ्या वेळी मलाही तेवढंच पुरेल, वर आणखी काही शिवत बसू नकोस."