पोळेची बदनामी

आमची पोळ म्हणजे जुन्या शहरातली, एका मोठ्या दरवाजाच्या आतली चिंचोळी गल्ली. तिच्यात एकवीस घरं. त्यातल्या सहा घरांची गोदामं झाली. घराचं गोदाम झालं की ओट्यावर माणसांऐवजी खोकी बसतात आणि संध्याकाळी तिथला दिवा लागत नाही. म्हणून आम्ही उरलेल्यांनी ठरवूनच टाकलं होतं. कोणी अनोळखी माणूस घरं हेरत आत आला, की पोळेची एवढी बदनामी करायची की त्याने आल्या वाटेने परत जावं.

सातवं घर माझंच जायच्या बेतात होतं. माझ्या निमेषला तीन मुलींनी नकार दिला. मुलगा चांगला, नोकरी चांगली, पण पोळेत कोण राहणार? आता चौथी, उर्वी, नदीपलीकडच्या नव्या वस्तीतली. निमेष तिला दोनदा भेटला होता, मी तिला अजून पाहिलं नव्हतं. रविवारी तिच्या घरी जाऊन उत्तर ऐकायचं होतं. तीही नाही म्हणाली, तर घर विकून पलीकडे फ्लॅट घेऊ, असं मी निमेषला कबूल करून बसलो होतो; त्याने एका दलालाशी बोलूनही ठेवलं होतं. पोराच्या संसारापुढे माझा ओटा तो केवढा!

शुक्रवारी दुपारी एक मुलगी आत आली. स्कूटरवरून येणाऱ्या सगळ्या पोरींसारखं ओढणीने तोंड गुंडाळलेलं, नुसते डोळे उघडे. पावलं टाकून गल्लीची रुंदी मोजली. माझ्या घराच्या वरच्या मजल्याचा फोटो घेतला. मग विचारलं, "काका, टेम्पो आत येतो का हो?"

समोरच्या चंचळबेननी मला डोळा घातला.

"टेम्पो? अगं, इथे म्हैस अडकली होती एकदा," त्या म्हणाल्या. "आणि माकडं! वाळत घातलेल्या साड्या नेसून बसतात मेली."

"पण राहायला कसं आहे?"

"राहायला?" मी म्हटलं. "शत्रूनेसुद्धा राहू नये. छप्पर गळतं, भिंती सामाईक. ह्या सोमाभाईंचं घोरणं सात घरांत ऐकू जातं."

सोमाभाई वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाले, "आठ. नीट सांगा."

चंचळबेनना आता चेव चढला. "खाजगी म्हणून काही उरत नाही बघ. रात्री नुसतं खोकलं तरी समोरून विचारतात, सुंठ आणू का? मागे मला टायफॉइड झाला, तर अकरा घरांतून खिचडी आली. अकरा! नको नको म्हटलं तरी समोर बसून खायला लावली. माणसाने आजारीसुद्धा पडायचं नाही का निवांत?"

"मग तुम्ही सोडून का जात नाही?"

"मी का जाऊ? तूच जा!"

ती हसली असावी. डोळ्यांवरून तसं वाटलं. आम्ही तिला ताक दिलं. गोदामवाला झाला तरी उन्हाचा आलेला माणूस, कोरडा कसा पाठवायचा? तिने पाठ फिरवून ओढणी सैल केली, ताक प्यायली आणि गेली. आम्ही तिघांनी एकमेकांची पाठ थोपटली.

संध्याकाळी निमेष पांढराफटक चेहरा घेऊन आला. "बापुजी, उर्वी दुपारी इथे येऊन गेली म्हणे. एकटीच. तुम्ही काय बोललात तिला?"

चंचळबेननी जीभ चावली. सोमाभाई म्हणाले, "तरी मी फक्त आकडा दुरुस्त केला."

रविवारी चंचळबेन हट्टाने आमच्याबरोबर आल्या. म्हणाल्या, "पाय धरावे लागले तर माझे गुडघे अजून वाकतात." उर्वीचे वडील आधीच सुरू झाले, "चंदुभाई, मुलगा पसंत आहे. पण पोळेत मुलगी द्यायची म्हणजे... तुम्ही फ्लॅटचं बघताय ना?"

मी मान हलवायला लागलो, तेवढ्यात उर्वी बाहेर आली.

"पप्पा, ते घर विकणार असतील तर माझं उत्तर 'नाही' आहे."

"काय बोलतेस? तिथे टेम्पो जात नाही!"

"म्हणून तर ओट्यावर माणसं बसतात. आपण इथे बारा वर्षं राहतोय. मम्मीचं ऑपरेशन झालं तेव्हा समोरच्या फ्लॅटमधून कोण आलं होतं?" तिने चंचळबेनकडे बोट केलं. "ह्यांच्याकडे अकरा घरांची खिचडी आली, आणि त्याची ह्या तक्रार करतात! माणसं मदतीला धावून येतात म्हणून रडणारी गल्ली मी पहिल्यांदा पाहिली. मला तिथेच राहायचंय."

 तिच्या वडिलांनी आत हाक मारली, "अगं, गूळ-धणे आण. लग्न ठरलं."

चंचळबेननी तिथूनच सोमाभाईंना फोन लावला, पण रडण्यामुळे त्यांना बोलता येईना. शेवटी मीच सांगितलं. आम्ही परत आलो तर पोळेच्या मोठ्या दरवाजात सगळी पोळ उभी. कोणीतरी थाळी बडवत होतं. निमेषने सगळ्यांच्या देखत दलालाला फोन केला. म्हणाला, "घर विकायचं नाही. आज नाही, उद्याही नाही." मग आम्ही गूळ-धणे वाटायला घेतले. सहाव्या घरापाशीच गूळ संपला, तेव्हा ज्याने त्याने आपापल्या घरातून डबा आणला, आणि वाटणारे कोण नि घेणारे कोण, काही कळेनासं झालं.