‘सुरक्षा नंतर बघू’

डेटाबेस शिकवण्यात बाईंचा हात धरणारं विद्यापीठात कुणी नव्हतं. एकोणीस वर्षं त्या लॉगिनच्या कोडचा एकच नमुना फळ्यावर लिहून देत आल्या होत्या, आणि त्याखाली एक टीप: ‘सुरक्षा नंतर बघू.’ ते ‘नंतर’ अभ्यासक्रमात कुठेच नव्हतं.

मग एका मानसोपचार दवाखान्यातल्या नोंदी कुणीतरी चोरून इंटरनेटवर टाकल्या. त्यांत बाईंच्या धाकट्या जावेचं नाव होतं. तिच्या उपचारांची घराबाहेर कुणाला गंधवार्ता नव्हती. आता कचेरीतले लोक तिच्याशी जपून, हळू आवाजात बोलू लागले. तिने रजा टाकली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

आठवड्याभराने बाईंचा एक जुना विद्यार्थी लॅपटॉप घेऊन आला. दवाखान्याचं सॉफ्टवेअर त्यानेच लिहिलं होतं. कुठे चुकलं तेच कळेना, म्हणाला. त्याने कोड उघडला आणि बाई वाकून वाचू लागल्या. ओळी त्यांच्याच होत्या. पासवर्डच्या चौकटीत काहीही टाईप करा, ते जसंच्या तसं डेटाबेसला हुकूम म्हणून पोचत होतं. टीपसुद्धा त्याने गाळली नव्हती.

“तुझं नाही चुकलं,” बाई म्हणाल्या. “मी शिकवलं तसंच लिहिलंस.”

जावेला सांगितल्याशिवाय त्यांना राहवेना. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“ताई, असं अजून किती जणांना शिकवलंत?”

अकराशेच्या वर. तेव्हापासून जुन्या हजेरीपटातली नावं बाईंच्या डोळ्यांपुढून हलेनात. कोण कुठे लागलं, कुणी काय लिहून ठेवलं असेल.

अभ्यास मंडळाच्या बैठकीत त्यांनी मागणी केली की सुरक्षा पहिल्या सत्रापासून प्रत्येक विषयात हवी. विभागप्रमुख शेवटच्या वर्षाला एक ऐच्छिक विषय देऊन बोळवण करू पाहत होते. बाईंनी वाद घातला नाही. आपला नमुना पडद्यावर लावला आणि पासवर्डच्या चौकटीत एकच ओळ टाईप करून सगळ्यांदेखत फोडून दाखवला. समोर बसलेल्यांपैकी दोघे त्यांचेच विद्यार्थी होते; त्यांनी माना खाली घातल्या. ठराव मंजूर झाला.

आता मुलं पहिल्याच प्रात्यक्षिकात स्वतःचं लॉगिन लिहितात आणि शेजारच्याला फोडायला देतात. जुन्या विद्यार्थ्यांना बाईंनी एकेक पत्र धाडलं. उत्तरं आली त्रेचाळीस. जाऊ दुसऱ्या कचेरीत रुजू झाली. बाईंशी बोलते, पण बेताचंच.

हल्ली औषधाच्या दुकानात, बँकेत, शाळेत बाई खिडकीपाशी थबकतात. पलीकडचा माणूस पासवर्ड टाईप करत असतो. त्या विचारतात, हे कुणी लिहिलंय हो? त्याला सांगता येत नाही.