तेविसावा वड

कार्तिकातली सकाळ तांबूळमाळावर उतरते ती अनवाणी. आधी पूर्वेच्या कडेला केशराची बारीक रेघ, मग तुऱ्यातुऱ्यावर दवाचे दिवे, मग सोनेच सोने. गुडघाभर पवन्या गवत, वाऱ्याबरोबर लवणारा शेडा, आणि दिसेल त्या पायजम्याला जीव लावणारी कुसळी. वारा आला की तीनशे एकरांचा माळ या कुशीवरून त्या कुशीवर वळतो.

या सुवर्णसागराच्या ऐन मध्यावर एक खड्डा होता. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, दीड फूट खोल. दीडच फूट, कारण त्याखाली काळा पाषाण होता, आणि पाषाणाला आमदार कोण हे ठाऊक नव्हते.

आमदार होते कृष्णाजी वाबळे. अवघ्या तालुक्याचे तात्या. शुभ्रवस्त्र, शुभ्रकेश, पाच निवडणुकांचे विजयी वीर. पंचवीस वर्षांपूर्वी, पहिल्याच कारकिर्दीत, त्यांनी हा माळ खडीयंत्राच्या दातांतून ओढून काढला होता. विधानसभेत या एका प्रश्नावर ते अकरा वेळा उभे राहिले. बाराव्या वेळी अध्यक्षांनीच विचारले, "माळ का?" तिसऱ्या वर्षी अखेर कागदावर शिक्का उमटला, की ही भूमी लोकांच्या विहारासाठी कायम राखीव. तेव्हापासून पहाटे तिथे पोलीस भरतीच्या मुली धावत, संक्रांतीला गावाचे पतंग उडत, आणि निवृत्त मास्तर मोकळ्या हवेत मोकळेपणाने भांडत.

पण राखलेली गोष्ट कालच्यासारखीच दिसते. न आलेल्या खडीयंत्राचे छायाचित्र निघत नाही. टळलेल्या धुळीवर कोनशिला बसत नाही. म्हणून तात्यांना एक वड हवा होता. विशालबाहू, शीतलच्छाय, लांबून बोट दाखवता येईल असा.

आणि वड लावायचा तो वाढदिवशी. वाढदिवस कार्तिक वद्य पंचमीचा. पाऊस नुकताच पाठ फिरवून गेलेला, पुढे सात महिने ऊन. रोप लावायला याहून वाईट दिवस पंचांगात शोधून सापडला नसता. पण आमदाराचा वाढदिवस आषाढात कसा न्यायचा?

बावीस वर्षे, बावीस वड, एकच खड्डा. पहिला चैत्रात वाळला. चौथा मेंढरांनी खाल्ला. नववा कोणीतरी घरी नेला. तो तिथे सुखात आहे म्हणतात. तेराव्याची लोखंडी जाळी सरपंचांच्या अंगणात कोंबड्यांवर पालथी सापडली. बाकीचे नुसतेच गेले, निमूट, पान पान गाळत, दर वर्षी नव्या भाषणाला जागा करून देत.

यंदा मात्र अखेरचे वर्ष. पुन्हा उभे राहणार नाही, असे तात्यांनी जाहीर केले होते. आता रोपावर भरवसा ठेवायला वेळ नव्हता. तेविसावा वड आला तो वाढलेलाच. लांबच्या रोपवाटिकेतून, मुळांना गोणपाटाची दुलई बांधून, बत्तीस चाकांच्या ट्रेलरवर, गजराजाच्या डौलात. मागे क्रेन. त्यामागे पाषाण फोडायला पोकलेन. त्यामागे बँड.

स्वीय सहायक नलावडे यांच्या काखेत आराखडा होता. पाषाण फुटला की माती येणार, मातीमागून नळ, नळामागून परदेशी हिरवळ, कारंजे, कुंपण आणि सिमेंटची सहा हरणे. तात्यांची सही तेवढी बाकी होती. नलावड्यांनी पेनाचे टोपणही काढून ठेवले होते.

वाढदिवसाच्या मंडपाच्या कडेने ठकूबाई कोळेकर आपली मेंढरे घेऊन निघाली होती. तीस वर्षे ती या माळावर चारत आली होती. तात्यांना चेव आला. ते चार पावले पुढे जाऊन म्हणाले, "ठकूबाई, यंदा तुझ्या मेंढरांची मान तिथवर पोचायची नाही."

ठकूबाईने वडाकडे पाहिले, मग पोकलेनकडे, मग तात्यांच्या धोतरात रुतलेल्या शेकडो कुसळांकडे. "माझ्या मेंढरांनी एकच खाल्ला, तात्या. बाकीचे तुमच्या मुहूर्तानं खाल्ले."

तात्या हसले. ती हसली नाही. तिने काठीने गवत बाजूला केले आणि भुई दाखवली. वीतभर माती, तिच्यात विणलेली मुळांची घट्ट घोंगडी. उन्हाळ्यात चंडोल इथेच, उघड्यावर, अंडी घालतो, ती सांगू लागली. उंच झाड आले की त्यावर ससाणा बसतो, आणि ससाण्याला वरून सगळे दिसते. हिरवळ आली की कुंपण येते, आणि कुंपणाला फाटक.

"राग नगा मानू," ती म्हणाली. "तुमचं एकबी झाड हितं जगलं न्हाई, म्हणून तर ह्यो माळ जगला."

तेवढ्यात गवतातून एक चंडोल सरळ वर उठला. गात उठला, गात चढला, निळ्यात एक ठिपका झाला, आणि ठिपक्यातूनही गाणे गळत राहिले.

पंचवीस वर्षे तात्या आमदार होते. कशातून काय उगवते हे त्यांना पाठ होते. पहिला वड जगला असता तर वडाला पार आला असता, पाराला देव, देवाला रस्ता, रस्त्याला टपऱ्या, टपऱ्यांना वाहनतळ. आणि प्रत्येकाला मंजुरी त्यांनीच दिली असती, हार घालून घेत. खडीयंत्र त्यांनी अडवले होते. त्यांना स्वतःला अडवले होते ते फक्त पाषाणाने.

क्रेनवाल्याने हाक दिली, उतरवू का म्हणून. बँडने श्वास भरून घेतला. मंडपावरच्या फ्लेक्सवर तात्यांच्या मस्तकामागे पारंब्या लोंबत होत्या आणि खाली 'वटपुरुष' असे लिहिले होते.

"नको," तात्या म्हणाले. "खड्डा बुजवा."

नलावड्यांनी हलक्या आवाजात फ्लेक्सची आठवण करून दिली.

"मग दुसरा छापा."

"त्यावर काय लिहू, साहेब?"

तात्यांनी वळणाऱ्या, चमकणाऱ्या, कोणाचेच नाव नसलेल्या गवताकडे पाहिले. या क्षणी त्यांना फार वाईट वाटत होते. "काही नको," ते म्हणाले, आणि आराखड्यावर आडवे लिहिले, 'जैसे थे', आणि खाली सही केली.

खड्डा बुजवण्याचा विधी कोणत्याच पोथीत नव्हता. भटजींनी हाताशी होते ते मंत्र म्हटले. मान्यवरांनी रांगेने एकेक मूठ माती टाकली, त्यामुळे सोहळ्याला अंत्यविधीची कळा आली. ती घालवायला बँडने वरातीची धून धरली. निवृत्त मास्तरांनी, बावीस वर्षांत प्रथमच एकमताने, टाळ्या वाजवल्या.

वड ओढ्याकाठच्या ग्रामीण रुग्णालयाच्या आवाराकडे निघाला. तिथे काळी, खोल, ओलसर माती होती, आणि आजाऱ्यांची माणसे दिवसभर उन्हात बसत होती.

ट्रेलर हळूहळू वळला. वडाची सावली गवतावरून चालू लागली. मेंढरांवरून गेली, ठकूबाईच्या लुगड्यावरून गेली, पोकलेनवरून गेली. तात्या सावलीसोबत चालले, तिच्या बरोबर मध्यातून, माळाच्या कडेपर्यंत. तिथे ते थांबले. सावली थांबली नाही. ती खांद्यावरून सरकली, पाठीवरून उतरली, रस्त्यावर गेली. आणि मोकळ्या माळावर, मोकळ्या उन्हात, मोकळे तात्या उभे राहिले.