सावद्याची सामुद्रधुनी

तोताराम नानांनी हयातभर एस.टी.त कंडक्टरकी केली आणि उरलेल्या वेळात जग सुधारलं. पहिल्या कामाची पेन्शन चालू आहे, दुसऱ्याची अजून मंजूर व्हायची आहे. तरुणपणी एकदा साक्रीजवळ गाडी बिघडली, मुक्काम पडला आणि जेवणाची सोय आहे असं कळल्यावर नाना एका मांडवात जाऊन बसले. ते निघालं समाजवाद्यांचं शिबिर. जेवण पचलं, पण भाषणं काही पचून गेली नाहीत. तेव्हापासून जगात कुठंही तोफ उडाली की इकडे सावद्यात नाना निषेध करत आले.

दरवर्षी हिरोशिमाच्या दिवशी त्यांची शांतता फेरी निघे. फेरीत माणसं तीन. एक नाना, दुसरा रुपचंद शिंपी, आणि तिसरा पुना. रुपचंदला ऐकू कमी येई, म्हणून तो इतकी वर्षं टिकला. पुनाला दुपारी झोप लागत नसे आणि चालायला कुणीतरी सोबत लागे. या फेरीवर गावातली कुत्रीसुद्धा भुंकायची नाहीत, आणि हे नानांच्या फार जिव्हारी लागे. मरण्याआधी एकदा, फक्त एकदा, मागं वळून पाहावं आणि फेरीचं शेपूट दिसू नये, एवढंच त्यांचं मागणं होतं.

सकाळी स्टँडसमोरच्या टपरीवर मात्र नानांना श्रोते मिळत. भंवरलाल शेठच्या पॅकिंग हाऊसवर केळी धुऊन खोक्यात भरणाऱ्या बाया तिथं टेम्पोची वाट बघत बसायच्या. त्यांना टेम्पो येईपर्यंत कुठं जाता येत नसे, हा नानांचा फायदा. नाना टेबलावर चहा सांडत आणि बोटानं आखात काढत. हे इराण, हा अरबस्तान, आणि ही मधली चिंचोळी वाट, सामुद्रधुनी. ज्याच्या ताब्यात ही वाट, त्याच्या दारी मोठमोठी राष्ट्रं पाणी भरतात, असं ते सांगत. लढाई होते तेलासाठी, नफा होतो तोफवाल्यांचा आणि मरतो तो गरीब, हा धड्याचा शेवट ठरलेला. टपरीवाला मग फडकं घेऊन येई आणि सगळी मध्यपूर्व पुसून टाकी.

बायांची म्होरकी भागाबाई. साक्रीकडून कामाला म्हणून आली आणि इथंच राहिली. ती चहा फुंकत सगळं ऐकून घेई आणि शेवटी एकच विचारी, "दुनियानं समजनं नाना, पन आम्हना संडासनं काय?"

पॅकिंग हाऊसमध्ये केळीसाठी थंडगार कोठी होती. बायांसाठी साधा आडोसा नव्हता. बागेत जावं तर सापाची भीती, बाग कापलेली असली तर माणसांची भीती. म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नसत. केळी पाण्यात बुचकळून काढायची आणि आपण तहानलेलं राहायचं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा नानांना स्वतःची लाज वाटली होती. इतकी वर्षं समोर बसलेल्या बायांना त्यांनी सगळी आखातं दाखवली, पण हे विचारलं नव्हतं.

भंवरलाल शेठ माणूस वाईट नव्हे. संडास बांधायला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. फक्त त्यांचं उत्तर आंतरराष्ट्रीय असे. तिकडे लढाई चालू आहे, जहाजांचं भाडं भडकलंय, जरा शांत होऊ द्या, मग बांधू. पुढं लढाया बदलत गेल्या, उत्तर तेच राहिलं. सावद्याचा एक संडास सगळ्या महासत्तांनी मिळून अडवून धरला होता.

यंदा आखातात पुन्हा लढाई पेटली आणि ती चिंचोळी वाटच बंद झाली. सावद्याची केळी जातात तीच वाट. खोकी कोठीत पडून राहिली, बंदरावरचे कंटेनर बंदरावर, रस्त्यावरचे रस्त्यावर. आणि एका संध्याकाळी चमत्कार झाला. नाना दिसले की रस्ता बदलणारे भंवरलाल शेठ नानांच्या ओट्यावर येऊन बसले आणि नानांच्या बायकोच्या, झुंबरबाईंच्या हातचा चहा प्याले.

शेठ म्हणाले की तुम्ही म्हणत होता ते खरं आहे, लढाई फार वाईट. सगळ्या व्यापाऱ्यांचं ठरलंय, यंदा फेरी मोठी काढू. माणसं आमची, जीप आमची, बॅन्ड आमचा, माईक आमचा. भाषण तुमचं. सरकारपर्यंत आवाज गेला पाहिजे.

नानांचे डोळेच भरून आले. पण शेठ उठता उठता थबकले.

"नाना, भाषण जगाचं करा. आमच्या पॅकिंग हाऊसचं त्यात काही नको. विश्वशांतीत संडास बरा दिसतो का?"

यंदा फेरीत संडासाचं बोलेन, असा नानांनी भागाबाईला शब्द दिला होता. भाषणात ती ओळ लिहिलेलीही होती. पण त्यांच्या डोळ्यांपुढं ते न दिसणारं शेपूट नाचू लागलं. मनाशी म्हणाले, आधी जगाचं होऊ दे, मग आपलं बघू. आणि त्यांनी पेनानं ओळ खोडली.

झुंबरबाई दारात उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हंजे तुमी बी भंवरलालच झाले." आणि ताट वाढायला आत गेल्या. त्या दिवशी नानांना वांग्याचं भरीत गोड लागलं नाही.

फेरीचा दिवस उजाडला. पॅकिंग हाऊसपासून निघून हायवेनं चौकात जायचं ठरलं होतं. पण मोठी मिरवणूक म्हटल्यावर शेठच्या माणसांना एकच प्रकार ठाऊक. त्यांनी जीपच्या चारी कोपऱ्यांना केळीचे खांब बांधले. सगळ्यांना फेटे वाटले. माल अडकल्यानं हात रिकामे होते, तेव्हा पॅकिंग हाऊसच्या बायांनाही फेरीत घेतलं. नानांना हार घालून पुढच्या सीटवर बसवलं. बॅन्डवाल्यांना शांततेची गाणी येत नव्हती, त्यांनी वरातीची सुरू केली. आणि वरातीचा बॅन्ड कुणी नाचल्याशिवाय पुढं सरकत नाही, हा इकडचा कायदा आहे. तेव्हा चार पावलं चालायचं, थांबायचं, पुनानं नाचायचं, मग पुन्हा चार पावलं. पुना जन्मात नाचला नव्हता. पण विश्वशांतीसाठी नाचला.

रस्त्याकडेच्या एका म्हातारीनं आरतीचं ताट आणून नानांना ओवाळलं. नाना कट्टर नास्तिक, पण सवयीनं कपाळ पुढं झालं. नवरदेवाचं वय जरा जास्त वाटतं, असं म्हातारी शेजारणीला म्हणाली. शेजारीण म्हणाली की आजकाल होतं असं.

या थाटात फेरी निघाली ती दुपार टळली तरी पॅकिंग हाऊसच्या रस्त्यातच होती. रस्ता एका गाडीपुरताच. एका अंगाला पाण्याची चारी, दुसऱ्या अंगाला बागेच्या कुंपणाची भिंत. जीप कशीबशी हायवेच्या तोंडाशी पोचली आणि तेवढ्यात शेठचा मुलगा पारस फोन नाचवत पळत आला. शस्त्रसंधी झाली होती. जहाजं निघणार होती. हायवेवर उभा असलेला कंटेनर आज भरला तर पहिल्या जहाजाला लागणार होता.

भंवरलाल शेठनी आधी हात जोडले आणि मग लगेच घड्याळ पाहिलं. विश्वशांती त्यांच्यापुरती पूर्ण झाली होती. त्यांनी बॅन्ड थांबवला, फेरी संपली असं सांगितलं, बायांनी मागं फिरून माल भरायला घ्यावा आणि जीप बाजूला काढून कंटेनर आत येऊ द्यावा, असा हुकूम सोडला. भाषण पुढच्या वर्षी.

नाना भाषणाची नऊ पानं हातात धरून जीपमध्ये बसून राहिले. हार तसाच गळ्यात.

बाया फिरल्या नाहीत. भागाबाई गर्दीतून पुढं आली, पदर खोचला आणि जीपच्या पुढ्यात रस्त्यावर मांडी घालून बसली. तिच्यामागं एकेक करून बाकीच्या बसल्या. पारसनं आधी विनवलं, मग आवाज चढवला. भागाबाईनं त्याच्याकडं बघितलंही नाही. ती नानांशी बोलली.

"नाना, तुम्हीच सांगेल शे ना, वाट चिंचोळी ऱ्हायनी की जो तठे बठना तेनं चालस. आम्ही बठनूत."

नानांना क्षणभर कळेना. मग त्यांनी पाण्याच्या चारीकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, हायवेवर घुरघुरणाऱ्या कंटेनरकडं पाहिलं, आणि टपरीच्या टेबलावरचं सगळं आखात त्यांना इथं या रस्त्यात दिसलं. अख्ख्या जन्मात त्यांना एवढा आनंद झाला नव्हता. आपलं बोलणं कुणीतरी ऐकत होतं.

शेठनी माईक आणून त्यांच्या हातात दिला. कानाशी लागून म्हणाले, नाना, तुमची माणसं आहेत, उठवा यांना. पुढच्या वर्षी याच्या दुप्पट फेरी काढून देतो.

नाना जीपमध्ये उभे राहिले. मागं वळून पाहिलं. फेट्यांच्या रांगा थेट पॅकिंग हाऊसच्या वळणापर्यंत गेल्या होत्या. शेपूट दिसत नव्हतं. नानांना भाषणाचं पहिलं वाक्य आठवेना, आणि तोंडून सवयीनं निघून गेलं, "पुढे सरका, पुढे सरका, जागा आहे."

आणि माणसं सरकली. फेरी अशी ठासून भरली की मुंगीला वाट उरली नाही. शेठनी कपाळावर हात मारला.

मग नानांनी नऊ पानं खिशात घातली. एवढ्या माणसांपुढं बोलायला मिळालेली ती एकच वेळ होती, आणि त्यांनी खोडलेली तेवढीच ओळ बोलून दाखवली.

"भंवरलाल शेठ, पॅकिंग हाऊसवरच्या बायांना संडास पाहिजे. मी हे आज बोलणार नव्हतो, माझं चुकलं."

रुपचंदला काही ऐकू आलं नव्हतं, पण टाळी त्यानंच पहिली वाजवली.

शेठनी सगळ्यांदेखत शब्द दिला. मारवाड्याचा शब्द, महिन्याभरात संडास. भागाबाईनं मान हलवली.

"शबद नको शेठ. ते तिकडला मोठा लोके रातले शबद देतस नि सकायले मोडतस, नाना रोज सांगतस. आज इटा आना."

कंटेनरचं इंजिन घुरघुरत होतं. शेठनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा भागाबाईकडं, आणि फोन काढला. विटांचा ट्रॅक्टर आला तेव्हा जीप हायवेच्या कडेला काढली, बाया नि फेरीतली माणसं भिंतीला लागून उभी राहिली आणि त्याला तेवढी वाट देऊन बाया पुन्हा बसल्या. विटा पॅकिंग हाऊसच्या दारात उतरल्या, गवंडी आला, दोरी लावून पायाची आखणी झाली. मग भागाबाईनं सामुद्रधुनी खुली केली.

कंटेनर आत गेला. बाया कामाला गेल्या. व्यापारी कोठीकडं धावले, बॅन्डवाल्यांना खरंच एक लग्न होतं, फेटे जमा झाले. पुनाचे पाय सुजले होते, त्याला रुपचंद धरून घेऊन गेला. हायवेच्या कडेला उरली ती जीप, केळीचे खांब आणि नाना.

झुंबरबाई भिंतीच्या सावलीतून उठून आल्या. त्या तिथं सकाळपासून बसल्या होत्या, हे नानांना माहीतच नव्हतं. त्या जीपमध्ये चढल्या, पदरानं नानांच्या कपाळावरचं कुंकू पुसलं आणि शेजारच्या सीटवर बसल्या.

"नऊ पानं लिहेल हाय ना? वाचा मंग. मी बसेल हाय."

नानांनी चष्मा लावला आणि आधी अणुबाँब, मग तेल, मग तोफवाले, असं सगळं मोठ्यानं वाचायला घेतलं. दुसऱ्या पानावर झुंबरबाईंना डुलकी लागली आणि त्यांची मान नानांच्या खांद्यावर आली. खांदा न हलवता नानांनी नऊच्या नऊ पानं वाचली.