सात जणींचं एकच ब्लडप्रेशर

आकडे जुळले की मला बरं वाटतं, पण इतके जुळले की झोप उडते. दवाखान्याच्या संगणकात वस्तीवरच्या सात बायकांची नोंद होती. सगळ्या पन्नाशी-साठीच्या, सगळ्यांना ब्लडप्रेशरचा जुना त्रास. तरी तीन महिने सगळ्यांचं प्रेशर ११६ च्या आसपास आणि वजन प्रत्येकीचं बरोबर ४८ किलो.

पूर्वी इथं जाड कागदाचं कार्ड असायचं. कार्ड दाखवलं की डॉक्टर ‘पूर्वीप्रमाणे’ लिहून गोळ्या देत. आता नोंदी संगणकात होतात आणि प्रेशरची चौकट रिकामी सोडली तर पडदा पुढं सरकत नाही. या नोंदी तपासायला संस्थेनं मला जाफराबादजवळच्या या मोफत दवाखान्यात पाठवलं होतं.

आधी मी मशीनवर संशय घेतला. स्वतःचं प्रेशर मोजलं, मग रखवालदाराचं, मग डॉक्टर साधना मॅडमचं. तिघांचं वेगळं आलं. मशीन ठीक होतं.

“चतुराबाईंची गोळी मी गेल्या महिन्यात अर्धी केली,” मॅडम पडद्याकडं बघत म्हणाल्या. “आज असंच आलं तर बंद करणार होते.”

अकराच्या सुमाराला वस्तीवरची दैवशाला आली. तिशीतली, सडपातळ. पिशवीतून तिनं सात जणींची जुनी कार्डं काढून टेबलावर मांडली आणि स्टुलावर बसून हात पुढं केला. दुर्गा सिस्टरनी पट्टा बांधला.

“पहिली कोण?” सिस्टरनी विचारलं.

“चतुरामावशी.”

“सिस्टर, हा हात तर दैवशालाचा आहे,” मी म्हणाले.

“मंग? चौकट रिकामी सोडायची न्हाई म्हणून तुमच्याच लोकांनी सांगितलं. कोणाचा तरी हात पाहिजेच की.”

“कापूस वेचणी चालू हाय ताई,” दैवशाला म्हणाली. “सगळ्या आल्या तर सगळ्यांचा रोज बुडतो. पहिल्यांदा सगुणाबाई आल्ती. तिचं लई जास्त आलं, मॅडम रागावल्या. मंग बायकांनी ठरवलं, जिचं चांगलं येतं तिलाच धाडायचं.”

मॅडमनी डोक्याला हात लावला आणि मला म्हणाल्या, “मशीन घे आणि शेतात जा.”

दवाखान्याच्या जीपनं मी निघाले आणि दैवशालानं शेताची वाट दाखवली. चतुराबाई बांधावर भाकरी खात होत्या. मशीननं १८४ आणि १०६ दाखवलं. मी पुन्हा मोजलं, तेच आलं.

“किती?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

“आणि दैवशालाचं?”

“एकशे सोळा.”

“मंग तेच राहू दे. मॅडम खूश झाल्त्या माझ्यावर. गोळीसुद्धा अर्धी केली.”

“मावशी, प्रेशर दैवशालाचं मोजलं, अन् गोळी तुमची कमी झाली. तुम्हाला चक्कर येते का?”

त्यांनी हातातला घास खाली ठेवला. “महिना झाला, येऊन राह्यली. मला वाटलं, उन्हानं.”

मी मॅडमना फोन लावला. पूर्ण गोळी पुन्हा सुरू करायची आणि आठवड्यानं पुन्हा मोजायचं, असं ठरलं. चतुराबाईंनी तिथंच तांब्यातल्या पाण्याबरोबर गोळी गिळली आणि हात माझ्यापुढं धरला.

“आता मोज.”

“लगेच नाही उतरत, मावशी. पुढच्या मंगळवारी बघू. तुम्ही स्वतः या.”

“येते. पण सातला. आठला वेचणी लागते.”

“दवाखाना दहाला उघडतो.”

“मंग दैवशालाला धाडते.”

मंगळवारी किल्ली घेऊन मी पावणेसातला पोचले, तेव्हा पायरीवर पाच जणी बसल्या होत्या आणि पहिला नंबर कोणाचा यावर भांडण चालू होतं. चतुराबाईंनी ते जिंकलं. त्यांचं १५० आलं. अजून जास्तच आहे, गोळी चुकवू नका, असं मी सांगत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्या दारातल्या बायकांकडं वळल्या होत्या.

“चौतीसनं उतरलं,” त्या म्हणाल्या. “अन् माझ्या स्वतःच्या हातानं.”