गावमूठ

"मालनेऽऽ! वाटंत कुठं टेकू नको गंऽऽ! पोट घेऊन येशील तव्हा टेकऽऽ!"

ही भामाआत्याची हाक. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मालन उंबरकड्याची घाटवाट उतरत होती. पुढं नवरा, मागं डोक्यावर ट्रंक घेतलेला गडी, आणि वर कड्याच्या टोकाला कंबरेवर हात देऊन उभी राहिलेली आत्या सगळ्या खोऱ्याला ऐकवत होती. नवी नवरी वाटेत बसली की तिचं मनही तिथंच बसतं, पुढं सासरी जात नाही, अशी उंबरकड्याची समजूत. मालनला हसू फुटलं होतं आणि लाजेनं कानही तापले होते. हिम्मतरावांनी तर मागं वळून न बघता चालच वाढवली होती.

त्याला तीन वर्षं झाली. आता हैदराबादेत, बरकतपुऱ्यात, मुकुंदराव वकिलांच्या घरामागच्या दोन भाड्याच्या खोल्यांत, ती हाक भरदुपारी मालनच्या कानात घुमायची. पोट घेऊन जायची वेळ आली होती. सातवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही सांगावं लागत नाही. मालनची आई तिच्या लहानपणीच गेलेली. आत्यानं तिला वाढवलं, आणि उंबरकड्याच्या प्रत्येक बाळंतिणीला हात आत्याचाच. न्यायला वडील येणार होते. सांगावा गेला होता, तिकडून "येतो" असा निरोपही आला होता, आणि तेव्हापासून मालनला एका जागी बसवत नव्हतं. चुलीपाशी गेली की फाटकाकडं लक्ष. फाटकाशी गेली की पाठीला कळ. आत येऊन आडवी झाली की पोटातलं उठून बसायचं.

"काय गं, पायात भिंगरी बांधलीस का?" वकिलांच्या पद्मावतीकाकू ओसरीतून म्हणायच्या. "बैस की जरा."

"आबा येतील आज, काकू."

"कालही हेच म्हणालीस. येतील, हौ, येतील. पण तोवर माझ्या फाटकाचं बिजागर झिजतंय, त्याची भरपाई आबांकडनं घेऊ का?"

त्या वर्षी सगळं शहरच असं घिरट्या घालत होतं. दिवाळीच्या सुमारास हैदराबादचं राज्य मोडणार होतं. मराठी मुलूख मुंबईला, कानडी म्हैसूरला, आणि खुद्द शहर तेलुगूंच्या नव्या राज्यात. मुकुंदराव ओसरीत आरामखुर्चीवर बसून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे आणि मधेच मालनला हाक मारून म्हणायचे, "ऐकलंस का, मालनबाई? तुझं माहेर आता परमुलूख होणार. सरहद्द तिकडून उठून आपल्या मधे येऊन बसणार."

ते थट्टेनं म्हणायचे, पण मालनला ती थट्टा वाटायची नाही. सरहद्द काय असते, हे तिला ठाऊक होतं. ती सरहद्दीवरच वाढली होती.

उंबरकडा म्हणजे दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीत, वाऱ्याच्या तोंडाशी टांगलेलं गाव. एका अंगाला निजामाचा मुलूख, दुसऱ्या अंगाला कडा उतरला की इंग्रजाचा खानदेश. पावसाळ्यात एकाच छपराचं पाणी अर्धं निजामाकडं जायचं, अर्धं इंग्रजाकडं. प्यायचं पाणी मात्र दोन्हीकडं नव्हतं, ते खालच्या झऱ्यावरून डोक्यावर आणायचं. शेत म्हणावं तर दगडांच्या मधे माती. गाव जगायचं ते करोडगिरीच्या नाक्यावर. जकात भरायला गाड्या तिथं थांबायच्या. चढाला एका बैलजोडीला गाडी ओढवत नसे, मग गावातली जादा जोडी लावायची. गाडीवानाला भाकर हवी, बैलांना वैरण हवी. नाक्यावरचा कारकून म्हणून हिम्मतराव तिथं आले आणि मालनला घेऊन गेले. इंग्रज आणि निजाम त्याआधीच गेले होते, गेल्या वर्षी नाकाही उठला. हिम्मतरावांना सरकारनं आबकारी खात्यात सामावून घेतलं. गावाला कुठं सामावून घ्यायचं, हे कुणी विचारलं नव्हतं.

आणि मालनचे वडील अंबाजी, ते शिवेच्या दगडांचे राखणदार. वडिलोपार्जित काम. दसरा झाला की सरहद्दीवरच्या सगळ्या खुणांना चुना द्यायचा, पडलेला दगड उभा करायचा, हललेला जागेवर बसवायचा. त्याबद्दल नाक्यावरून वर्षाचं धान्य मिळायचं.

मालन धान्य निवडता निवडता गुणगुणायची:

माझ्या माहेराची वाट, बाई चढाची चढाची
बाप उभा कड्यावरी, डोई पागोटी ढगाची

अंबाजी आले ते मनमाडच्या गाडीनं, काचीगुडा स्टेशनवर. हिम्मतराव आणायला गेले होते. सायकल रिक्षा फाटकाशी थांबली तेव्हा मालन अनवाणीच धावली. आबा वाळले होते. पागोटं सैल झालं होतं. त्यांनी लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, पोटाकडं बघितलं आणि नजर लगेच दुसरीकडं वळवली. खांद्याला एक लहानसं गाठोडं होतं. रिक्षातून मात्र हिम्मतराव आणि रिक्षावाला मिळून एक पोतं उतरवत होते, आणि दोघांच्याही तोंडाला फेस आला होता.

"गावमूठ एवढी?" मालन हरखून म्हणाली.

जड पायाच्या लेकीला आणायला उंबरकड्यातून माणूस निघाला की घरटी एक मूठ घालायची रीत होती. कुणी बाजरी, कुणी नागली, कुणी तीळ, ज्याच्या घरी काही नसेल त्यानं मीठ. सगळं एकाच फडक्यात. त्यातलं निवडून, दळून लेकीनं निघण्याआधी गोड करून खायचं. साऱ्या गावाचा घास पोटात गेला की मूल साऱ्या गावाचं. त्याखेरीज लेक उंबरा ओलांडत नसे.

पोतं ओसरीच्या पायरीवर दणकन आदळलं. आतून निघाला तो दगड. घडीव, चौकोनी, वर निमुळता, वर्षानुवर्षांचा चुना थरावर थर बसून कांद्यासारखा झालेला. एका बाजूला उर्दू अक्षरं, दुसऱ्या बाजूला इंग्रजी.

हिम्मतराव बघतच राहिले. "मामा, हा तर शिवेच्या खांबाचा माथा."

"व्हय. बाकीचा जमिनीतून निघना."

"पण आणलात कशाला?"

"सरकारी जिन्नस हाय, पाव्हनं. सरकारच मोडतंय म्हंत्यात. ज्याचं त्याला दिलेलं बरं. जमा करायचा, पावती घ्यायची, मोकळं व्हायचं."

पद्मावतीकाकूंनी पदर तोंडाला लावला. मुकुंदराव खुर्चीतून उठून आले, चष्मा सारखा करून दगडाची अक्षरं वाचू लागले. मालन तेवढी गाठोड्याकडं बघत होती.

"आबा, गावमूठ?"

"देतो की. आधी सरकारी काम उरकू दे."

लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नसतं, म्हणून अंबाजींचं जेवण काकूंच्या मागच्या ओसरीवर ठरलं.

"अंबाजीराव," काकू वाढता वाढता म्हणाल्या, "तुमची लेक आमच्याच नळाचं पाणी पिते. मग फरक काय राहिला?"

"पानी तेच, वैनी. पन तांब्या तुमचा."

"वा! वकील माझ्या घरात, आणि वकिली तुम्ही करताय."

मालन भिंतीआडून ऐकत होती. उद्या निघायचं, तिला वाटलं. फार तर परवा. तिनं लुगडी घडी करून ट्रंकेत घातली, बाळाची टोपडी वर ठेवली.

उद्या झालं, परवा झालं. अंबाजी सकाळी हिम्मतरावांबरोबर निघायचे, रिक्षात दगड घालून. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत. संध्याकाळी दगड परत. हिम्मतराव आल्याबरोबर पाय धुता धुता सांगायचे आणि हसू दाबायचे.

"आज तिथला मुन्शी विचारतो, 'ये क्या उठा लाये, बड़े मियाँ?' मामा म्हणाले, 'सरहद्द हाय, साहेब.' तो म्हणतो, 'तो वापस ले जाओ, अब नक्को.' सगळी कचेरी हसली गं."

"आबा?"

"ते नाही हसले. त्यांनी विचारलं, 'मंग हितं दुसरं काय राखायचं आसंल तर सांगा.'" हिम्मतराव पाय पुसता पुसता थांबले. "दोन-तीन ठिकाणी असंच विचारलं त्यांनी. गोदाम, फाटक, काहीही. मला कळेना."

मालनलाही कळेना, पण त्या रात्री तिचा डोळा लागला नाही. उंबरकड्यात घर असलेला माणूस हैदराबादेत फाटक कशाला राखील?

दुसऱ्या दिवशी ती आबांच्या पुढ्यात बसली. "शेजारच्या बायजाची म्हैस व्याली का?"

"व्याली."

"भैरूचं लगीन?"

"झालं की."

"आत्या कशीय?"

"बरी हाय."

"आणि गुडघे?"

"बरं हायेत."

मालननं आबांच्या तोंडाकडं बघितलं. तिला कळायला लागल्यापासून आत्याचे गुडघे कधी बरे नव्हते. त्या गुडघ्यांच्या नावानं आत्या देवाला, डोंगराला आणि मेलेल्या नवऱ्याला रोज शिव्या द्यायची.

"आबा, निघायचं कधी?"

"निघू."

"पावती मिळाल्यावर?"

"व्हय. निघू." आणि ते उठून काकूंच्या तुळशीपाशी जाऊन उगाच माती उकरू लागले.

दिवाळी जवळ आली. गल्लीत लोक सामान बांधू लागले. कुणाची बदली औरंगाबादला, कुणाची गुलबर्ग्याला. हातगाड्यांवर पलंग, पाळणे, देव्हारे. मालनची ट्रंक तशीच भरलेली, झाकण नुसतं टेकवलेलं. रोज एक टोपडं बाहेर निघायचं, हुंगून परत आत जायचं. पाय सुजू लागले होते. अजून आठ दिवस गेले तर घाट चढणं होणार नव्हतं, आणि तिथं डोलीला चार माणसं लागत.

शेवटच्या कचेरीतून अंबाजी परतले ते भर दुपारी. कुणीतरी वरच्या साहेबानं दगडाकडं न बघताच सांगितलं होतं की असलं काही जमा करून घ्यायची सोय नाही, कुठंच नाही. रिक्षावाल्यानं दगड पायरीशी उतरवला. अंबाजी दगडाच्या शेजारी पागोटं उशाला घेऊन आडवे झाले आणि पाठ फिरवून पडून राहिले.

मालन आत गेली. खुंटीवरचं गाठोडं तिनं काढलं. तिला सरकारी काम काही नव्हतं. मूठ दळून ठेवू, तिनं ठरवलं, म्हणजे आबांना निघायला निमित्त उरणार नाही. गाठ सोडताना तिला आधीच वास येत होता, तिळाचा, बायजाच्या घरच्या कुबट गुळाचा, मिठाच्या खड्यांचा. निवडायला किती वेळ लागेल, याचा ती हिशेब करत होती.

फडक्यात बाजरी होती. नुसती बाजरी, बारीक, डोंगराची. एका माणसाच्या मुठीएवढी.

तिनं फडकं उलटं करून झटकलं. गाठोड्यातलं धोतर झटकलं. मग बाजरी हातात घेऊन ती कितीतरी वेळ जमिनीवर बसून राहिली. पोटातलं बाळ लाथा मारत होतं, आणि ती एकही दाणा न सांडता मूठ आवळून होती.

ती बाहेर आली. आबा जागेच होते.

"आबा, ही कुणाच्या घरची मूठ?"

अंबाजी उठून बसले. तिच्या हाताकडं बघितलं. "मपल्याच घरची."

"आणि बाकीच्यांची?"

"घाईत निघालो, माय."

"सुगीच्या दिवसांत? बायजाचं दार आपल्या दाराला लागून. तिनं नाही घातली?"

अंबाजींनी धोतराचा सोगा झटकला.

"भैरूनं? रामा कोळ्यानं? वरच्या आळीतल्या सखूनं? तिच्या तर चार लेकी आहेत, चौघींच्या वेळी मी मूठ घातलीय, आबा, माझ्या हातानं." तिचा आवाज चढत होता. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, मुकुंदरावांनी वर्तमानपत्र खाली केलं. "आत्यानं? आत्यानं मूठ नाही घातली? आत्या गेली का, आबा? खरं सांगा."

"न्हाई गं! जित्ती हाय." अंबाजींनी तोंडावरून हात फिरवला. "लेकानं चाळीसगावला नेली. गिरणीशेजारी खोली घेतलीय त्यानं. नळ हाय म्हनं दारात."

"आणि बायजा?"

"तीबी खालीच. समदेच. नाका उठला तशा गाड्या थांबना झाल्या. मोटारीची सडक दुसऱ्या घाटानं काढली. पहिल्यांदा जोडीवाले गेले, मंग पोरं गेली, मंग म्हातारी मानसं पोरांच्या मागं. आता खाली उतराया कुनाची परवानगी लागत न्हाई ना. धा-धा घरं एकदम उतरली. झऱ्यावर कुनी जाईना, तर वाटबी बुजली." ते दगडाकडं न बघता बोलत होते, समोरच्या फाटकाकडं बघत. "म्या ऱ्हायलो. दसऱ्याला चुना दिला. कुनासाठी देतोय त्ये इचारायला बी कुनी नव्हतं."

"आणि आपल्या दारची म्हैस?"

"इकली."

 काकू पुढं झाल्या, पण मालननं त्यांना हातानं थांबवलं.

"मग इतके दिवस मला 'निघू, निघू' म्हणत होता ते? मी ट्रंक भरून बसलेय, आबा. कुठं नेणार होतात मला?"

फाटकापाशी हिम्मतरावांची सायकल थांबली होती. ते आत न येता तसेच उभे राहिले. अंबाजींनी जावयाला बघितलं, काकूंना बघितलं, पागोटं उचलून मांडीवर घेतलं आणि ते दोन्ही हातांनी गुंडाळू लागले, सोडू लागले, परत गुंडाळू लागले.

"आबा, बोला ना."

"तुला न्यायला न्हाई आलो, माय," ते म्हणाले. "म्या ऱ्हायला आलोय."